भाजून झाल्यावर सुचलेलं

शरयू, तुझं मडकं काही केल्या फुटेना.

हे तुला कुणीतरी सांगायला हवं आणि माझ्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही. भाऊजी अजून कुणाशी धड बोलत नाहीत. गुरुजींनी असला प्रकार जन्मात पहिल्यांदा पाहिला असणार, ते कशाला कुठे बोलतील? तू तिथेच होतीस, पण तुझा चेहरासुद्धा लाकडांखाली गेला होता. म्हणून लिहिते. अक्षर बघून हसू नकोस.

शनिवारी संध्याकाळी तू मखमलाबादहून, आमच्या शेडमधून निघालीस. स्कूटरच्या डिकीचं झाकण बसेना म्हणून तिला दोन शिव्या घातल्यास. डिकीत कुठल्यातरी पंक्चरवाल्याकडून उचललेले सायकलचे गंजके स्पोक होते, ते बाहेर आले होते. 'सोमवारी लवकर येते, त्या बरणीची दुसरी बाजू कोरायची राहिलीय,' म्हणालीस. चांगली खणखणीत होतीस. वडापाव खाल्लास, वर माझ्यातला अर्धा खाल्लास. असं खाऊनपिऊन गेलेलं माणूस दुसऱ्या दिवशी नसतं, हे मला कुणी कितीही समजावलं तरी पटत नाही.

रविवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. म्हणाले, "मंगल, शरयू उठत नाहीये."

मी काय म्हणाले असेन? "झोपू द्या की, रविवार आहे," असं म्हणाले मी. ते गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्यातून मला हळूहळू कळत गेलं. माझ्या हातात चहाचं गाळणं होतं. ते हातात घेऊनच मी पिकअपमध्ये बसले, हे मला नाशिक रोडला तुमच्या दारात उतरताना दिसलं.

पिकअपमध्ये मागे बाजारात जायचे शेवंतीचे क्रेट तसेच होते. उतरवायला वेळ कुठे होता? ती सगळी शेवंती तुझ्या अंगावर गेली. तुला शेवंतीचा वास आवडत नाही, डोकं दुखतं, हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी कुणाला सांगू?

तुमच्या बैठकीत बायका भिंतीला टेकून बसलेल्या आणि बाहेर गॅलरीत पुरुषांचं सामानाबद्दल चाललेलं. बांबू, सुतळी, गोवऱ्या. कुणीतरी म्हणालं, दुकानातून येताना मडकं विसरू नका. सकाळपासून खुर्चीत दगडासारखे बसलेले भाऊजी एकदम उठले. "मडकं?" म्हणाले. "हिच्या घरात मडकं बाहेरून आणायचं? काखेत कळसा नि गावाला वळसा?" बोलताना त्यांचा आवाज फाटला. आत गेले आणि दिवाणखान्यातल्या फळीवरून तुझं ते राखाडी मडकं घेऊन आले. ते नव्हतं का, खांद्याखाली चारी बाजूंनी तिरप्या रेघांचा पट्टा कोरलेलं? प्रदर्शनात तू कुणालाच विकलं नाहीस ते. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. 'केवढं प्रेम,' असं कुणी पुटपुटलंही.

आणि मी, एवढी वर्षं मातीत हात घालून बसलेली बाई, मीही त्या मडक्याकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, बरं निवडलं. ते मडकं बाराशे अंशांच्या वर भाजलेलं आहे, बाजारातल्या कुंभाराच्या मडक्यासारखं ते टिचकीसरशी फुटणार नाही, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मला सगळं नेहमी भाजून झाल्यावर सुचतं, हे तुझंच वाक्य.

आपली ओळख झाली ती शाडूच्या गणपतीच्या शिबिरात. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना लाकडी कोरण्या वाटल्या होत्या. माझ्या शेजारी एक बाई डाव्या हातात कोरणी धरून चुळबुळ करत होती. कोरणीची धार उजव्या हाताच्या माणसासाठी तासलेली, ती तुझ्या हातात उलटी पडत होती. तू थोडा वेळ प्रयत्न केलास, मग अंबाड्यातला आकडा काढलास, दातात धरून वाकवलास आणि त्यानं गणपतीची सोंड अशी कोरलीस की बाई सगळ्यांना दाखवत फिरल्या. अंबाडा सुटून पाठीवर आला होता, त्याची तुला फिकीर नव्हती. मी मनात म्हटलं, या बाईशी आपलं काही जमायचं नाही.

मग आमच्या फुलांच्या शेडचा कोपरा मिळाला, चाक आलं, जुनी इलेक्ट्रिक भट्टी आली आणि तू नाशिक रोडहून स्कूटरवर यायला लागलीस. येताना रस्त्यातलं जे जे लोक टाकून देतात ते ते तू उचलायचीस. बसस्टँडपाशी छत्री दुरुस्त करणारे बसतात त्यांच्याकडून मोडक्या काड्या. विंचूरला गेलीस की कांद्याच्या जाळीदार गोण्यांचे तुकडे, ते ओल्या मातीवर दाबले की काय सुंदर खडी उठायची. केसांच्या फणीचे एकाआड एक दात मोडून तू रेघा ओढायची फणी केलीस. हॅकसॉच्या तुटक्या पात्या पायरीच्या दगडावर घासत बसायचीस, त्या आवाजानं माझे दात शिवशिवायचे. ब्रशला मऊ केस हवेत म्हणून आमच्या सासूबाईंच्या शेळीची शेपटीही तू कातरलीस. सासूबाई दोन दिवस विचारत होत्या, "अगं मंगल, शेळीला न्हावीन कुठून आनली गं? लय बारीक काम करती बाई."

तुझ्या सगळ्या हत्यारांचं तोंड तिरकं, तुझ्या डाव्या हातासाठी तासलेलं. मी एकदा हौसेनं तुझी सुरी घेतली तर माझी रेघ भलतीकडेच गेली. त्यावर तू इतकी हसलीस की ठसका लागला. म्हणालीस, हत्यार आणि चप्पल दुसऱ्याची घालू नये.

इथूनच आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलेलं नाही, हे मी आजही बजावून सांगते. तुझं म्हणणं, ज्यानं त्यानं आपलं हत्यार आपण करावं. माझं म्हणणं, मला मडकी करायची आहेत, लोहारकाम करायचं नाही. मी ऑनलाइन कोरण्यांचा सेट मागवला, छान कापडी गुंडाळीत आला, त्यातली तारेची कोरणी तर झकास आहे. तू तो सेट उघडून बघितलास, एकेक कोरणी नखावर घासून बघितलीस आणि म्हणालीस, "चांगल्या आहेत. पण तुझ्या रेघा दुकानातल्या दिसतात." मला असा राग आला! मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं आहे. रेघ हातातून येते, काडीतून येत नाही. पुढे बरेच दिवस आपण मातीपुरतंच बोलत होतो. 'पाणी दे', 'चाक सोड', एवढंच.

खरं सांगू? तुझ्याशी भांडताना मला बरं वाटायचं. घरात माझ्याशी भांडायला कुणाला सवड नसते. तू मात्र भांडण अर्ध्यावर सोडायचीस आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर लावता लावता तिथूनच पुढे सुरू करायचीस. अशा माणसानं अर्धं भांडण टाकून कायमचं निघून जावं, याला मी काय म्हणू? चुलीत जाऊ दे ती रीतभात. मला तुझा राग आला आहे.

माझी खोड तुला पाठ होती. मडकं ओलं असताना मला काही सुचत नाही. ते भाजून थंड होऊन हातात आलं की मग मी म्हणणार, अगंबाई, इथे एक पट्टा हवा होता. तू कपाळावर हात मारायचीस. एकदा म्हणालीस, देवानं तुझ्याच बाबतीत घाई केली, तुला आणखी थोडं कच्चं ठेवायला हवं होतं.

आणि मग गेल्या महिन्यात एकदा तू माझ्यासमोर मातीचा गोळा धरलास. "मूठ आवळ," म्हणालीस. मला वाटलं, काहीतरी थट्टा आहे. मी मूठ आवळली. माझी बोटं त्या गोळ्यात उमटली, अंगठ्याचा खड्डा वेगळा. तो गोळा तू रुमालात गुंडाळून घेऊन गेलीस. पुढे मी ते विसरूनही गेले.

शनिवारी वडापावच्या कागदाशेजारी तू ते टेबलावर ठेवलंस. दिंडोरीला कुणीतरी जुनी द्राक्षबाग काढली, तिथून आणलेल्या वेलीच्या खोडाची मूठ. गाठीगाठींची, तेल पाजून काळी केलेली. पुढे भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलचं तुटकं टोक बसवलेलं, त्याला तू घासून घासून पेन्सिलीसारखी अणी काढलेली. मी विचारलं, हे कशाला? तू म्हणालीस, "भाजलेल्या भांड्यावर चालतं. तुला भाजल्यावर सुचतं ना, म्हणून." मग म्हणालीस, "हातात बसतंय का बघ."

नेमका तेव्हाच फाटकापाशी कुरिअरवाला हाका मारायला लागला. माझा दुसरा सेट आला होता, लपवून मागवलेला, आणि त्याला ओटीपी हवा होता. तुला तो खोका दिसू नये म्हणून मी घाईघाईनं ते हत्यार पर्समध्ये टाकलं आणि बाहेर पळाले. तुला खोका दिसलाच. तू नुसती मिशीतल्या मिशीत हसावं तशी हसलीस. निघताना स्कूटरला किक मारत पुन्हा विचारलंस, "सांग ना, बसतंय का?" मी म्हटलं, सोमवारी सांगते.

तर आता अमरधामातलं ऐक.

बायका बाहेर थांबल्या होत्या. मी आत आले. मी कुणाकडे बघितलंच नाही, त्यामुळे कुणाला मला अडवता आलं नाही. भाऊजींनी अग्नी दिला. लाकडं कोरडी होती, पटकन धरली. मग तुझं ते मडकं पाण्यानं भरून त्यांच्या डाव्या खांद्यावर ठेवलं. तुझ्या हाताच्या बाजूचा खांदा, एवढंच माझ्या मनात आलं. पहिल्या फेरीला गुरुजींनी मागून दगड मारला.

टण्.

शरयू, तो आवाज मी ओळखला. भट्टीतून काढलेलं प्रत्येक मडकं तू बोटाच्या गाठीनं वाजवून बघायचीस, चीर गेली नाही ना म्हणून, आणि असा आवाज आला की मान डोलवायचीस. तोच आवाज. गुरुजींनी परत मारला. परत टण्. मडक्याला ओरखडासुद्धा नाही. तिसऱ्यांदा त्यांनी जरा जोरात मारला तेव्हा दगडच निसटून भाऊजींच्या पायाशी पडला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे, जोरात मारा. कुणी म्हणे, खांद्याला लागेल. कुणी म्हणे, कुणालातरी पिटाळा आणि साधं मडकं आणा. पण पेटलेल्या चितेला थांब म्हणून कोण सांगणार? मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, जीव अडकलाय तिचा. ते ऐकल्यावर भाऊजींचा चेहरा असा झाला की तो मला जन्मभर विसरता येणार नाही. पाण्यानं भरलेलं ते जड मडकं खांद्यावर, एका बाजूला झळ लागतेय. त्यांनी किती मायेनं ते मडकं निवडलं होतं आणि आता त्याच मडक्यानं त्यांना चारचौघांत उभं करून ठेवलं होतं. ते वळले आणि मला म्हणाले, "मंगल, काय करू गं?"

मला काय ठाऊक? मला रडू फुटलं आणि रुमालासाठी मी पर्समध्ये हात घातला. रुमाल सापडला नाही. माझी बोटं त्या मुठीवर पडली आणि एकेक बोट आपल्या आपल्या खाचेत जाऊन बसलं. मी न बघता ते बाहेर काढलं.

"भाऊजी, हलू नका," मी म्हटलं.

तू रेघा खोल कोरायचीस, त्यावरूनही आपण भांडलो होतो. त्या खोल रेघेत भिंत पातळ असणार, हे मात्र त्या वेळी सुचलं, त्याबद्दल मला थोडं श्रेय दे. तिथे अणी टेकवली आणि मनगट इकडून तिकडे फिरवत राहिले. आधी काही नाही. मग राखाडी भुकटी पडायला लागली. गुरुजी भले माणूस, काही न विचारता त्यांनी तो दगड माझ्या हातात दिला. मुठीच्या बुडावर मी बेताचा ठोका मारला, आणखी एक मारला आणि पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. गार होतं. गुरुजींनी मंत्र पुढे सुरू केला आणि भाऊजी चालायला लागले.

पुढच्या दोन्ही फेऱ्यांना तसंच. मी त्यांच्यामागे चालत होते, तुझ्याभोवती, उलट्या दिशेनं, हातात तुझं हत्यार. माझी तिन्ही भोकं एका ओळीत आली आणि ती ओळ तुझ्या रेघांच्या विरुद्ध बाजूला झुकली. उजव्या हाताची. एवढ्या आगीत मला ते दिसलं आणि बरं दिसतंय असंही वाटलं, याची मला नंतर लाज वाटली. आता वाटत नाही.

शेवटी भाऊजींनी मडकं मागच्या मागे टाकलं. आम्ही सगळे फुटण्याच्या आवाजाची वाट बघत होतो. मातीत धप् असा आवाज झाला, बस्स. मागे वळून बघायचं नसतं म्हणून कुणी बघितलं नाही. भाऊजींनी घाबरून गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "पाणी सांडलं ना सगळं? मग झालं. चला." त्या माणसाचे उपकार आहेत आपल्यावर.

अस्थी गोळा करायला गेलो त्या सकाळी तिथला राखण करणारा माणूस आमच्याकडे आला. बिचकत होता. म्हणाला, "ताई, ते तुमचं मडकं फुटलंच नाय. मी कडंला ठेवलंय. आता तुमीच सांगा काय करायचं." पाण्याच्या नळाजवळ कठड्यावर ते ठेवलेलं होतं, चिखल धुतलेलं. काठाला टवकाही नव्हता. भाऊजी पुढे गेले, त्या रेघांवरून बोट फिरवत उभे राहिले. स्मशानातली वस्तू घरी न्यायची नसते आणि तिथे टाकून निघायचं त्यांच्यानं होत नव्हतं. मी फोडते म्हटलं तर माझाही हात उठेना. मग तो माणूसच म्हणाला, "हिथंच ऱ्हाऊ द्या मंग. तुळस लावतो. भोकं हायेतच, पानी निचरंल चांगलं."

शरयू, मी हसले. अमरधामात, सकाळच्या वेळी, तुझ्या अस्थींची पुरचुंडी भाऊजींच्या हातात असताना मी मोठ्यानं हसले. आणि भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि तेही हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग आम्ही दोघंही त्या कठड्याला टेकून रडलो. तो माणूस बिचारा दुसरीकडे बघत राहिला. तुझा जीव मडक्यात अडकला होता की नव्हता, मला माहीत नाही. पण तू एकदम, एका ठोक्यात जाण्यातली नव्हतीस, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून तर त्या रविवारचं मला काही केल्या खरं वाटत नाही.

मी रोज शेडमध्ये जाते. तुझ्या स्टुलावर सासूबाई एकदा येऊन बसल्या, शेळीचा ब्रश हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "चांगली व्हती गं. इचारून कापायचं व्हतं फक्त." मी त्यांना सांगितलं, तिनं मला विचारलं होतं. खोटंच.

तुझी बरणी प्लॅस्टिकखाली होती. एका बाजूला तुझ्या तिरप्या रेघा, अगदी काठापर्यंत, आणि दुसरी बाजू कोरी. शेवटची रेघ अर्धीच आहे, तिथून तू वडापाव खायला उठलीस. मी रोज त्यावर ओलं फडकं टाकत होते. माती सुकली की ओल्यावर चालणारी हत्यारं तिच्यावर चालत नाहीत, तू येऊन ती बाजू पुरी करशील तोवर ती ओली राहायला हवी, असं माझ्या डोक्यात काहीतरी होतं. मी हे कुणाला सांगितलं नाही. फडकं भिजवायचं, पिळायचं, टाकायचं. तुझी हत्यारं तिथेच डब्यात आहेत, सगळी तिरकी, एकही माझ्या हातात बसत नाही. नवा सेट अजून खोक्यातच आहे. तो मी परत करणार नाही, उगाच समज करून घेऊ नकोस.

आज सकाळी मी फडकं भिजवलं आणि तसंच बालदीत सोडून दिलं. प्लॅस्टिक काढून घडी केली. सुकू दे. सुकेल, मग भाजेन. दुसरी बाजू कोरी ठेवूनच भाजेन आणि मग सावकाश मला काय सुचतंय ते बघेन. चुकलं तर चुकलं. तुझ्या रेघा एकीकडे झुकतील, माझ्या दुसरीकडे, मध्ये कुठेतरी गाठ पडेल.

ते हत्यार समोर ठेवून हे लिहीत होते. मडक्याला भोकं पाडताना हातात होतं तेव्हा काही कळलं नव्हतं, तेव्हा कळायला मी माझ्यात होते कुठे? आता शांतपणे हातात धरलंय. करंगळीसुद्धा तिच्या जागी गेली आहे. माझी करंगळी जरा वाकडी आहे, हे माझ्या नवऱ्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

तू दोनदा विचारलंस, म्हणून सांगते. बसतंय, शरयू. अंगठ्यापाशी एक गाठ जराशी खुपते, तेवढीच. ती तू सोमवारी पायरीवर घासून दिली असतीस. आता राहू दे, माझी मी घासून घेते.